गेलेले बळ परत येते!

वार्धक्यात गेलेले बळ परत येत नाही, हा समज विज्ञानाने केव्हाच खोटा ठरविला आहे. बोस्टन येथे नव्वदीच्या घरातील मोजक्या दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करवून घेतला, तेव्हा त्यांची शक्ती दुपटीहून अधिक झाली. हे १९९० सालचे संशोधन. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर सुमारे ७२ हजार प्रौढांची पाहणी करताना मुठीची पकडही मोजली. मोजणी झाली, उपाय कधी? आदिलाबादेत कापूस वेचून कंबर वाकलेल्या, आपलीच मराठी बोलणाऱ्या म्हातारीला ‘आता स्वस्थ बसा’ एवढेच सांगणे, यास आम्ही दया मानीत नाही. ताटात पुरेशी डाळ आणि गावच्या आरोग्य केंद्रात झेपेल असा व्यायाम तिला मिळालाच पाहिजे.