पिल्लं सोडली, नदी राहिली
(कऱ्हा-नीरेचे जलचर : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण कऱ्हेचा प्रवास पाहिला. पुरंदरच्या डोंगरात उगम, नाझऱ्याला धरण, मग मोरगावचा मयूरेश्वर, बारामती आणि सोनगावला नीरेशी भेट. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेत मिळते. या भीमा खोऱ्यातल्या ज्या माशाचं नाव जगाला ठाऊक आहे, तो महाशीर आजचा विषय. कुठे त्याला खडशी म्हणतात.

कर्नल विल्यम साइक्स हा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत होता. १८३९ साली त्याने इथल्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला आणि बऱ्याच माशांना इथल्याच लोकांच्या तोंडची नावं दिली. नुक्ता, पोटेल, सांडखोल ही त्यातलीच. महाशीरचा त्याचा नमुना पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळाला होता. त्याचं शास्त्रीय नाव आज ‘टॉर खुद्री’ आहे. ज्या पट्ट्यात तो शास्त्राला पहिल्यांदा भेटला, तिथून आता पुण्याचं सांडपाणी वाहतं. तेच पाणी रांजणगाव सांडसला भीमेत उतरतं आणि भिगवणपाशी उजनीच्या फुगवट्यात, म्हणजे आपल्याच दारात, येऊन थांबतं.

महाशीरला काय लागतं ते आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. त्याला वाहतं, गार, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. उन्हाळा काढायला खोल डोह लागतो. पावसाळ्यात पूर आला की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालतो. रोहू-कटल्याची मादी लाखांनी अंडी देते. महाशीरची अंडी त्या मानाने फार थोडी, म्हणून एक वीण वाया गेली तरी फटका मोठा बसतो. धरणाने वरची वाट अडते, वाळूउपशाने तळ जातो, सांडपाण्याने प्राणवायू संपतो. यातलं एक संकटही पुरेसं असतं. आपल्या नद्यांवर तिन्ही एकदम आली.

लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला महाशीरची पैदास सुरू केली. तलावातल्या पिकलेल्या माद्या धरायच्या, हाताने अंडी काढायची, नराच्या रेतात मिसळायची आणि पिल्लं वाढवायची. हे काम चिकाटीचं आहे आणि त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. तिथली पिल्लं देशभरातल्या नद्या-तलावांत गेली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २०११ साली हा मासा ‘संकटग्रस्त’ होता. २०२० मध्ये तो ‘कमी चिंतेच्या’ गटात आल्याची बातमी आली आणि तिचं कौतुकही झालं.

पण कावेरीत काय झालं ते त्याच वेळी सांगायला हवं. तिथे मूळचा महाशीर वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला, खूप मोठा होणारा. त्याच नदीत आपल्याकडचा महाशीर वर्षानुवर्षं सोडला गेला. संशोधकांनी गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पाहुणा वाढत गेलेला आणि घरचा संपत आलेला दिसला. त्या घरच्या माशाची शास्त्रीय ओळख, ‘टॉर रेमादेवी’, २०१८ साली नक्की झाली आणि तो लगेच ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. एक मासा वाचवताना दुसऱ्याच्या घरात घुसवला गेला.

म्हणून माझं ठाम मत आहे की पिल्लं सोडणं म्हणजे नदी राखणं नव्हे. कऱ्हेत उद्या हजारो पिल्लं सोडली तरी फेब्रुवारीनंतर, पाणी आटल्यावर, ती राहणार कुठे?

देहूला इंद्रायणीच्या डोहात आणि महाडजवळ वाळणकोंडीत मात्र हा मासा पिढ्यानपिढ्या टिकला. तिथे देवाच्या नावाने मासे कुणी धरत नव्हतं. खोल डोह होता, माणसाने हात आवरला, बाकीचं माशानेच केलं. डोह राखला तर तिथे एकट्या महाशीरची नव्हे, सगळ्या जातींची सोय होते.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं आहे. उजनीच्या जाळ्यात आज सगळ्यात सहज येतो तो चिलापी, मूळचा आफ्रिकेचा. भिगवणची खानावळ त्याच्यावर चालते, ते मी नाकारत नाही. त्याच्या जोडीला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आलाय, काचेच्या टाकीतून सुटलेला. त्याला गिऱ्हाईक नाही आणि त्याचे काटे जाळी फाडतात. नुक्ता, पोटेल, सांडखोल हे आपले मासे लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदले गेलेत. त्यांच्यासाठी महाशीरसारखं पैदास केंद्र नाही, वर्तमानपत्रात बातमीही नाही.

वाचकहो, पहिल्या पुराला पोटात अंडी घेऊन निघालेले चढणीचे मासे ओढ्यात, बंधाऱ्याखाली धरू नका. घरच्या टाकीतला मासा कालव्यात किंवा तळ्यात सोडू नका. आणि नीरेकाठच्या प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव करून एक डोह तरी वाळूउपशापासून आणि जाळ्यापासून बारमाही राखून ठेवावा.