खेचरांचा बाजार

व्हिडिओ गेम म्हटला की धडाधड गोळ्या झाडणारी पोरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आम्हांसही पूर्वी तसेच वाटे. परंतु १९८३ साली अमेरिकेत निघालेला 'म्यूल' हा खेळ निराळ्याच जातीचा. आर्कान्सा राज्यातील डॅनी बंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अटारी संगणकासाठी रचला. त्याचा खप बेताचाच झाला आणि पुढे तो मागेच पडला.

चौघे परग्रहावर वसाहत करतात. जमीन घ्यावयाची, यंत्राचे खेचर तिच्यावर जुंपावयाचे आणि अन्न, ऊर्जा किंवा खनिज काढावयाचे. अन्न सरले की पुढल्या पाळीत कामाला वेळ कमी मिळतो.

खरी बहार लिलावात! विकणारे पडद्यावर वरून खाली उतरतात, घेणारे खालून वर चढतात. गाठ पडेल तो भाव. मागणी-पुरवठ्याच्या ज्या रेघा पुस्तकात निर्जीव वाटतात, त्या येथे हातघाईवर येतात. माल दाबून ठेवणाऱ्याला चढा भाव मिळतो खरा. पण खेचरे घडतात त्याच खनिजातून! खनिज कोणी विकलेच नाही तर खेचरे महागतात आणि साठेबाजाचाही नांगर अडतो. शिवाय अखेरीस साऱ्या वसाहतीची मिळकत मोजली जाते. दैवी आपत्ती मात्र शेवटल्या क्रमांकाच्या खेळाडूवर कधीच कोसळत नाही. हा पक्षपात आम्हांस पसंत आहे.

आज हा खेळ मांडावयाचा तर चार माणसे जमवावीत. रिकाम्या जागी यंत्र स्वतः खेळते. पण यंत्राशी घासाघीस करण्यात काय मौज?