पेट्रोलचा दाब तपासा, पण आधी पाइपातला दाब उतरवा



पडघा, अंबाडी, गणेशपुरीकडून भाजी नि दूध घेऊन पहाटे भिवंडी-कल्याणला निघणारी पेट्रोल गाडी चढावर ओढेनाशी झाली, सेल्फ मारूनही लवकर सुरू होईना, की आपण म्हणतो, ‘पंप गेला!’ पंप महाग. दोष पुष्कळदा चोंदलेल्या फिल्टरचा असतो. खरे काय ते दाबाचे गेज सांगते.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहूनही कमी असे. आताच्या इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत तो ३ ते ४ किलो असतो. इंजिन बंद केले तरी हा दाब पाइपात राहतो. जोड एकदम सोडला, तर पेट्रोलची चिळकांडी डोळ्यांत नाहीतर गरम इंजिनावर उडते.

जागा कशी असावी?

गाडी उघड्यावर, सपाट जागी लावा. पेंढ्याची उडवी, चूल आणि यंत्रमागाची खोली यांपासून लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. विडी-काडी बंद. जवळ वाळूची बादली व पावडरचे अग्निशामक ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. सोबत एक जाणता माणूस हवाच.

तपासणीचा क्रम

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. टाकीचे झाकण सैल करा.

२. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या. मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. दाब उतरला.

३. चावी काढा व बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. चष्मा घाला. जोडाभोवती फडके गुंडाळून तो हळूहळू सोडा. थोडे पेट्रोल येणारच.

४. पेट्रोलसाठीच असलेले, ७ किलोपर्यंतचे गेज योग्य जोडाने बसवा. नळी तारेने आवळून काम भागवू नका. सांडलेले पुसा, फडके लांब टाका, वास जाईपर्यंत थांबा.

५. आता फ्यूज व बॅटरी जोडा. इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा. कुठे थेंब दिसला तर तिथेच थांबा. कोरडे असेल तर आकडा वाचा, मग इंजिन सुरू करून पुन्हा वाचा.

आकडा काय सांगतो?

गाडीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण माना. दाब कमी असेल, तर आधी फिल्टर, टाकीतली जाळी आणि पंपापर्यंत येणारी वीज पाहा, पंप शेवटी. दाब जास्त असेल, तर रेग्युलेटर बिघडलेला किंवा परतीचा पाइप तुंबलेला असू शकतो. इंजिन बंद केल्यावर १० मिनिटांत काटा थोडा उतरला तर चालते; भराभर उतरला तर पंपाची झडप, रेग्युलेटर किंवा इंजेक्टर गळतो आहे.

गेज काढतानाही पहिल्यासारखाच दाब उतरवा. अपघात पुष्कळदा इथेच होतो, कारण काम संपले असे वाटते.

इथे हात घालू नका

ही रीत डिझेलला लागू नाही. ट्रॅक्टरच्या साध्या इंजेक्टरलाही २०० किलोच्या आसपास दाब असतो, कॉमन रेलच्या पिकअपमध्ये तो १००० च्या वर जातो. गळती बोटाने चाचपू नका. डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. वर टाचणीएवढी खूण दिसते, पण बोट गमावण्याची पाळी येते. असे झाले तर दुखो न दुखो, ताबडतोब मोठे इस्पितळ गाठा आणि काय घडले ते डॉक्टरांना नीट सांगा. सी.एन.जी.ची टाकी २०० किलोपर्यंत भरलेली असते. ते काम अधिकृत कारागिराचेच.

हे पत्रक गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. गाडी गॅरेजात दिलीत, तरी पंप बदलण्याआधी एवढे जरूर विचारा : ‘दाब किती आला?’