किनाऱ्यावरील घरे आणि सलोह काँक्रीट

मालवण, वेंगुर्ले, गुहागर, अलिबाग यांसारख्या कोकणातील किनारी गावांत जुने घर म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, लाकडी वासे व त्यांवर कौले, अशी सर्वसाधारण रचना असे. तिच्यात लोखंड नावापुरतेच होते. त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने बिघडण्यासारखे तिच्यात फारसे काही नव्हते. लाकडाला वाळवी लागे, कौले वानरे फोडीत; परंतु हे दोष डोळ्यांना दिसत आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना दूर केले जात. आता या घरांची जागा पुष्कळ ठिकाणी स्लॅबच्या घरांनी घेतली आहे. त्यांतील कित्येक घरे मुंबईत नोकरी केलेल्या माणसाच्या आयुष्यभराच्या बचतीतून उभी राहिलेली असतात, आणि ती दुसऱ्यांदा बांधण्याची ऐपत क्वचितच कोणास असते. अशा घराच्या छज्जाखालून पंधरा-वीस वर्षांतच काँक्रीटचे पापुद्रे सुटून गंजलेल्या सळ्या उघड्या पडू लागल्या, म्हणजे दोष सिमेंटमधील भेसळीला किंवा मोघमपणे ‘समुद्राच्या हवे’ला दिला जातो. खरे कारण याहून निश्चित स्वरूपाचे आहे आणि त्याचा बराचसा भाग बांधणाऱ्याच्या हातातला आहे.

सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून जो चुना मुक्त होतो त्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांतील पाणी तीव्र अल्कधर्मी असते. त्याचे पीएच मूल्य १२.५ ते १३ च्या आसपास भरते. अशा द्रवात लोखंडावर ऑक्साइडाचा अतिशय पातळ व अखंड असा थर बसतो आणि त्याच्या आड लोखंड सुरक्षित राहते. सळईचे रक्षण काँक्रीटच्या बळाने होत नसून या रासायनिक पापुद्र्याने होते, ही गोष्ट प्रथमच ध्यानात ठेवली पाहिजे. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू आत शिरून अल्कधर्म कमी करतो. क्लोराइड आयनांची रीत वेगळी आहे. सभोवतालचा अल्कधर्म कायम असतानाही ते हा पापुद्रा ठिकठिकाणी भेदतात. भेदलेली जागा धनाग्र व शेजारची अखंड सळई ऋणाग्र बनून एक विद्युत्घट तयार होतो आणि लोखंड खड्ड्याखड्ड्यांनी झिजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट असल्यामुळे भोवतालचे काँक्रीट आतून फुटते. सळईच्या रेषेत उमटणारी तांबूस भेग हे त्याचे पहिले दृश्य चिन्ह होय. मात्र तोवर आतील क्रिया बरीच पुढे गेलेली असते.

हे क्लोराइड काँक्रीटमध्ये दोन वाटांनी येते. पहिली वाट काँक्रीट कालविण्याच्या वेळचीच आहे. आय. एस. ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीप्रमाणे सलोह काँक्रीटमध्ये ओतते वेळी दर घनमीटरास ०.६ किलोग्रॅमपेक्षा अधिक क्लोराइड असू नये. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. एक घनमीटर काँक्रीटला १८० लिटर पाणी लागते असे धरून ते समुद्राचे वापरले, तर ३.४ किलोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या साडेपाचपटींहून अधिक क्लोराइड एकदम आत जाते. इतकी उघड चूक सहसा कोणी करीत नाही. वाळूच्या बाबतीत मात्र ती नकळत होते. एका घनमीटरात सुमारे ७०० किलोग्रॅम वाळू असते. ती खाडीच्या मुखाजवळून काढलेली असून तिच्यात वजनाच्या ६ टक्के खारे पाणी राहिले असेल, तर ४२ लिटर समुद्राचे पाणी तिच्याबरोबर आत येते; त्यातील क्लोराइड ०.८ किलोग्रॅम भरते. म्हणजे पिण्याचे गोडे पाणी वापरूनही केवळ वाळूमुळे मर्यादा ओलांडली जाते. वाळू उन्हात वाळविल्याने हा दोष जात नाही, कारण पाणी उडाले तरी मीठ मागे राहते. वाळू गोड्या पाण्याने धुणे, किंवा निचरा होईल अशा जागी तिचा पातळ ढीग एक पावसाळा उघड्यावर ठेवणे, हेच उपाय होत.

पाण्याविषयी या मानकाने सलोह काँक्रीटसाठी दर लिटरला ५०० मिलिग्रॅम क्लोराइडची मर्यादा घातली आहे. कोकणात बांधकामाचा हंगाम म्हणजे पावसाळा सुरू होण्यापूर्वीचे महिने. नेमक्या याच काळात किनाऱ्यालगतच्या विहिरींची पातळी खाली जाऊन त्यांचे पाणी मचूळ होते. स्लॅब ओतण्याचा दिवस एप्रिल-मेमध्ये ठरत असताना पाण्याची परीक्षा दिवाळीनंतर केलेली असेल, तर तिचा उपयोग थोडाच.

दुसरी वाट बाहेरून आत येण्याची. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर येऊन भिंतींवर बसतात. किनाऱ्यापासून दूर जावे तसे त्यांचे प्रमाण झपाट्याने घटते. सर्वाधिक हानी पावसाचा मारा सोसणाऱ्या पश्चिमेकडील भिंतीची व्हावी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पाऊस त्या भिंतीवरील मीठ धुऊनही नेतो. छज्जाची व सज्जाची खालची बाजू कधीच धुतली जात नाही. तेथे मीठ साचत राहते, दमट हवेत ओले होते आणि ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सुकते. अशा ओल्या-कोरड्या फेऱ्यांत क्षार आत ओढला जातो आणि गंजाला लागणारा ऑक्सिजनही मिळतो. सतत पाण्याखाली असलेले काँक्रीट तुलनेने सावकाश बिघडते, त्याचे कारण ऑक्सिजनचा तुटवडा हेच.

बाहेरून येणाऱ्या क्षाराला अडविणारी वस्तू एकच, ती म्हणजे सळई व पृष्ठभाग यांमधील काँक्रीटचे आवरण. येथे एक साधा गणिती नियम फार बोलका आहे. क्षार आत शिरण्याची खोली स्थूलमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून आवरण दुप्पट केले की सळईपर्यंत पोहोचण्याचा काळ चौपट होतो. उदाहरणादाखल, १५ मिलिमीटर आवरण भेदण्यास आठ वर्षे लागत असतील, तर त्याच प्रतीच्या काँक्रीटच्या ३० मिलिमीटरला बत्तीस वर्षे लागतील. उलट, ओतताना मजुरांच्या पायांखाली जाळी दबून ३० चे १५ झाले, तर घराच्या आयुष्याची चोवीस वर्षे त्या एका दुपारी गेली असे समजावे. सळ्यांखाली खडीचा तुकडा किंवा फरशीची कपची सरकविण्याची गवंड्यांची सवय यासाठीच घातक आहे. त्याच प्रतीच्या काँक्रीटचे, मोजून केलेले कव्हर-ब्लॉक बसविण्याचा खर्च एकूण खर्चात नगण्य असतो.

१९७८ च्या आवृत्तीत स्लॅबसाठी किमान आवरण १५ मिलिमीटर होते, व प्रतिकूल स्थितीत ते वाढविण्याची सूचना होती. ती सूचना घरबांधणीत किती पाळली गेली, हे जुन्या स्लॅबांकडे पाहिले म्हणजे कळते. २००० च्या आवृत्तीने वातावरणाचे पाच वर्ग करून किनाऱ्यावरील हवेत उघडे असलेले काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात घातले आणि त्यासाठी ४५ मिलिमीटर आवरण, एम ३० प्रत, दर घनमीटरास किमान ३२० किलोग्रॅम सिमेंट व जास्तीत जास्त ०.४५ जल-सिमेंट गुणोत्तर ठरविले. क्षारयुक्त हवेपासून आडोसा असलेल्या भागांना ‘मध्यम’ वर्ग लागू होऊन आवरण ३० मिलिमीटर पुरते. हा भेद घरासाठी फार उपयुक्त आहे. सव्वाशे मिलिमीटर जाडीच्या स्लॅबला सरसकट ४५ मिलिमीटर आवरण दिल्यास तिची परिणामी खोली इतकी घटते की जाडी वाढविण्यावाचून गत्यंतर राहत नाही. खोलीच्या आतील छताला एक वर्ग व बाहेर झुकलेल्या छज्जाला दुसरा, असा विचार आराखड्यातच केला तर खर्च आवाक्यात राहतो.

आवरणाची जाडी ही अर्धी बाब झाली. उरलेली अर्धी त्याच्या घट्टपणाची. एका पोत्यास, म्हणजे ५० किलोग्रॅम सिमेंटला, ०.४५ गुणोत्तराने साडेबावीस लिटर पाणी बसते व त्यात वाळूतील ओलही धरावी लागते. काँक्रीट सहज पसरावे म्हणून त्यात एक बादली अधिक ओतली की गुणोत्तर ०.६ च्या वर जाते. पॉवर्स, कोपलंड व मान यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, सिमेंटच्या लगद्यातील केशनलिकांची सलगता तुटण्यास ०.४५ गुणोत्तरास सुमारे सात दिवस, ०.५० ला चौदा दिवस, ०.६० ला सहा महिने सतत ओलावा लागतो, ०.७० च्या पुढे ती कधीच तुटत नाही. सात दिवस पाणी मारण्याच्या प्रचलित प्रथेला अर्थ येतो तो कालवतानाचे पाणी आटोक्यात असेल तरच. छज्जाच्या खालच्या बाजूवर तर पाणी मारताच येत नाही. तेथे सेंटरिंग अधिक दिवस ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग होय. यातील खरी अडचण अशी की एम ३० प्रतीचे काँक्रीट घमेली मोजून होत नाही. मानकातील ठोकळ प्रमाणे एम २० पर्यंतच जातात. पुढे मिश्रणाचे अभिकल्पन व वजनी मोजमाप लागते, आणि खेडेगावात त्यांची सोय सहसा नसते.

सिमेंटच्या निवडीविषयी एक गैरसमज प्रचलित आहे. समुद्र म्हणजे सल्फेट, म्हणून सल्फेट-रोधक सिमेंट घ्यावे, असा सल्ला दिला जातो. या सिमेंटात ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट कमी असते; परंतु क्लोराइडाचा काही अंश बांधून ठेवणारे संयुग तेच. सळई नसलेल्या पायाच्या काँक्रीटमध्ये हे सिमेंट योग्य ठरेल. घराच्या सलोह भागांत त्याने उलटा परिणाम होण्याचा संभव आहे. झोतभट्टीच्या मळीचे स्लॅग सिमेंट किंवा राखमिश्रित पोझोलाना सिमेंट येथे अधिक उपयुक्त, कारण त्यांची छिद्ररचना सूक्ष्म असते. मात्र ती सावकाश घट्ट होतात. म्हणून त्यांना किमान दहा दिवस आणि शक्य तर चौदा दिवस पाणी द्यावे लागते. घाई असेल तेथे ती वापरू नयेत.

बिघडलेल्या घराच्या दुरुस्तीतही हेच रसायन आडवे येते. सामान्यतः सुटलेला पापुद्रा खरवडून, सळईला रंग लावून वर सिमेंटचा गिलावा केला जातो. दोन-तीन पावसाळ्यांत त्या ठिगळाच्या कडेलाच नवी भेग दिसते आणि दोष कारागिरावर येतो. वास्तविक गंजणारी जागा धनाग्र असताना शेजारच्या सळईचे अभावितपणे रक्षण करीत होती. ती नव्या, क्षारमुक्त काँक्रीटने झाकली की ते रक्षण संपते आणि लगतच्या क्षारयुक्त काँक्रीटमधील सळई स्वतःच धनाग्र बनते. म्हणून खरवडणे गंजाच्या दृश्य सीमेवर थांबवून चालत नाही. सळईच्या मागे बोट शिरेल इतके आणि स्वच्छ लोखंड लागेपर्यंत लांबवर काँक्रीट काढावे लागते, आणि आधी टेकू दिल्यावाचून छज्जाच्या बाबतीत ते करू नये.