अंगाबेताचे कपडे

मुलासाठी कपडे शिवावयाचे झाले म्हणजे शिंप्यास एक सूचना हटकून दिली जाते : "वाढत्या अंगाचे शिवा." त्यामागे व्यवहार आहे. मुलाचे अंग वर्षभरात वाढणार, कापडास पैसे पडले आहेत, तेव्हा आजच्या मापात उद्याची सोय करून ठेवलेली बरी. परंतु हीच सूचना चाळिशी उलटलेला मनुष्य स्वतःच्या कपड्यांविषयी कधीही देत नाही. पंचविशीत जे माप झाले ते कायमचे, असा त्याचा समज असतो. अंग मात्र तो समज पाळीत नाही. मग एके दिवशी लग्नसमारंभास जाण्यासाठी पेटीतला कोट बाहेर निघतो, त्याचे बटण काजापर्यंत पोहोचत नाही, आणि कापड आटले असावे असे घरात बोलले जाते. खरे पाहता कापडाचा त्यात बहुधा काहीच दोष नसतो.

पुणे-नाशिक रस्त्यावर, भोसरी आणि चाकण ह्यांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या काठी मोशी हे गाव आहे. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेतीवर जगणाऱ्या ह्या गावाभोवती कारखान्यांत जाणाऱ्या लोकांच्या इमारती उभ्या राहिल्या. ह्या फेरबदलाबरोबर पोशाखही पालटला. धोतर, बंडी, लुगडे आणि गाठीची चोळी हा जुना वेष वृद्धांपुरता उरला, आणि पाटलोण, सदरा, पंजाबी पोशाख व गणवेश हे नित्याचे झाले. वरवर पाहता ही केवळ चालीरीतीची गोष्ट वाटेल. परंतु अंगाच्या मापाशी तिचा निकट संबंध आहे.

जुन्या वेषाचा गुण असा होता की, तो अंगाप्रमाणे स्वतःस जुळवून घेई. नऊवारी लुगड्यास कंबरेचे माप नसते. ज्या बाईने ते विसाव्या वर्षी नेसावे, तिनेच ते साठाव्या वर्षी नेसावे. घेर वाढला तर निऱ्या थोड्या कमी होतात, एवढेच. चोळी पुढे गाठ मारून बसवावयाची. बाराबंदीस तर बटणेच नाहीत, बंद आहेत, आणि बंद हवा तितका आवळता किंवा सैल सोडता येतो. लेंग्याच्या नेफ्यातील नाडीचेही तसेच. ह्याउलट काज आणि बटण ह्यांचा वेष एकाच मापास बांधलेला असतो. दोन इंच पोट सुटले की तो वेष निरुपयोगी झाला. सारांश, अंग पूर्वीही बदलत होते. ते बदल लपवून घेणारा वेष मात्र आता राहिला नाही.

हे बदल कोणते, ते थोडक्यात पाहू. तिशीनंतर मनुष्याचे स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात. दर दहा वर्षांस शेकडा तीन ते आठ इतकी ही घट होते, असा वैद्यकाचा अंदाज आहे. स्नायूंची जागा चरबी घेते, म्हणून वजनाचा काटा जागचा हलला नाही तरी आकार बदलतो. पुरुषांची चरबी पोटावर साठते. स्त्रियांची चरबी तरुणपणी मांड्या व नितंब ह्यांवर असते. पाळी थांबण्याच्या सुमारास शरीरातील विशिष्ट द्रव्याचे, म्हणजे इस्ट्रोजेनचे, प्रमाण घटते आणि चरबी पोटाकडे सरकते. चाळिशीनंतर दर दहा वर्षांस उंचीही सुमारे एक सेंटिमीटर कमी होते, कारण मणक्यांमधील गाद्या चपट्या होत जातात. पाठीस किंचित बाक येतो आणि खांदे पुढे झुकतात. तात्पर्य, मध्यमवयात मनुष्य केवळ जाड होत नाही, तर त्याची ठेवणच निराळी होते. म्हणून तोच कपडा 'एक नंबर मोठा' घेतल्याने प्रश्न सुटत नाही.

कपडा अंगावर कसा बसतो हे वाचावयास शिकले तर पुष्कळ उलगडा होतो. सदऱ्याच्या बटणांपासून दोन्ही बाजूंस आडव्या सुरकुत्या पडत असतील, तर घेर अपुरा आहे. सदऱ्याची पुढची कड वर उचललेली दिसत असेल, तर पोटावरून जाण्यास पुढच्या भागाची लांबी कमी पडत आहे. मागची कड वर चढत असेल, तर पाठीस बाक आला आहे आणि मागील भाग लांब हवा आहे. पाटलोणीच्या बाबतीत तर पुष्कळ गृहस्थ स्वतःचीच फसवणूक करून घेतात. पोट वाढले तरी पट्टा पोटाच्या खाली उतरवून ते जुन्याच नंबरची पाटलोण घालीत राहतात, आणि आपली कंबर वीस वर्षांत बदलली नाही असे अभिमानाने सांगतात. तो नंबर पट्ट्याच्या जागेचा असतो, पोटाचा नव्हे.

तयार कपड्यांवरचे नंबर कोठून आले, हेही जाणण्यासारखे आहे. अमेरिकेत १९३९-४० साली सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेण्यात आली, आणि १९४१ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांच्या आधाराने १९५८ साली तेथे स्त्रियांच्या कपड्यांचे प्रमाण ठरविले गेले. ते सर्वांस बसेना, म्हणून १९८३ साली मागेही घेतले गेले. आपल्याकडील बाजारात दीर्घकाळ परदेशी मापांवरूनच बेतलेले नंबर चालत आले. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारचे वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था ह्यांनी भारतीय मापांची पाहणी हाती घेतली. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँग ह्या सहा शहरांतून १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५,००० हून अधिक स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घ्यावयाची, अशी ती योजना होती.

भारतीयांस निराळे माप का हवे, ह्याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र प्रसिद्ध केले. वजनास उंचीच्या वर्गाने भागून जो अंक येतो, तो दोघांचाही २२.३ होता. म्हणजे तराजूच्या दृष्टीने दोघेही सारखेच सडपातळ. परंतु चरबी मोजली तेव्हा इंग्रज गृहस्थांच्या अंगी ती शेकडा ९.१ निघाली आणि पुण्याच्या गृहस्थांच्या अंगी शेकडा २१.२. हातपाय बारीक आणि पोटावर चरबी, अशी ही आपली ठेवण आहे. अशा मनुष्याने खांद्यास बसणारा सदरा घेतला तर तो पोटावर ताणतो, आणि पोटास बसणारा घेतला तर खांदे दंडावर उतरतात.

इतके होऊनही कोणी म्हणेल की, कपडा थोडा घट्ट किंवा सैल झाला तर बिघडले काय? कारखान्यांच्या ह्या पट्ट्यात तरी असे म्हणणे धोक्याचे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमात अशी तरतूद होती की, चालू यंत्राजवळ तेलपाण्यासारखे काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराने अंगासरशी बसणारे कपडे घातलेले असावेत, आणि ते मालकाने पुरवावेत. हेतू उघड आहे. लोंबणारी कड किंवा बाही फिरत्या दांड्यात सापडली की तिच्यामागोमाग हात जातो. आता नोकरीस लागताना दिलेल्या मापाचा गणवेश पंचेचाळिशीत पोटावर लागेनासा होतो, आणि कामगार खालची बटणे उघडी ठेवतो. म्हणजे जो कपडा घट्ट झाला, तोच यंत्राजवळ मोकळा फडफडू लागतो. म्हणून गणवेशाचे माप दरवर्षी नव्याने द्यावे, आणि ते देताना भीड बाळगू नये.

स्त्रियांच्या बाबतीत धोका निराळा आहे, आणि तो नाडीचा आहे. नाडी सैल करता येते हा तिचा गुण वर सांगितला, पण ती सैल केली पाहिजे ना! साडी सुटू नये म्हणून परकराची नाडी रोज त्याच जागी, तितकीच करकचून बांधण्याची सवय असते. कंबर वाढत जाते आणि गाठ मात्र जुन्याच जागी पडते. २०२४ साली वर्धा आणि मधुबनी येथील डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' ह्या नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीगत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे कंबरेस घट्ट बांधल्यामुळे एकाच जागी घर्षण होऊन त्वचा पातळ झाली, तेथे व्रण पडला, तो बरा होईना, आणि पुढे त्याचे रूपांतर त्वचेच्या कर्करोगात झाले. त्यांपैकी एक बाई परकर न घालता लुगडेच कंबरेस घट्ट नेसणारी होती. असे क्वचितच घडते, हे खरे. परंतु कंबरेवर काळा वळ, खाज किंवा साल निघणे ही चिन्हे पुष्कळ घरांतून दिसतात आणि अंगावर काढली जातात. उपाय अगदी सोपा आहे. नाडी सैल बांधावी, गाठीची जागा रोज थोडी बदलावी, नाडीऐवजी रुंद पट्टी लावावी, आणि व्रण दिसल्यास तो दाखविण्यास लाजू नये.

आता कपडे घेण्याविषयी. प्रथम आपले खरे माप जाणावे. पोटाचे माप पट्ट्याच्या जागी घेऊ नये. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड ह्यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता घ्यावे. पाटलोण अंगात घालून पाहताना उभे राहूनच थांबू नये, खुर्चीवर बसावे, कारण बसल्यावर पोटाचा घेर वाढतो. अंगाचा जो भाग सर्वांत मोठा, त्यास बसणारी पाटलोण घ्यावी आणि उरलेली शिंप्याकडून आत घेववावी. आत घेणे सोपे असते, बाहेर सोडणे कठीण. सदऱ्याचे मात्र खांदे बसले पाहिजेत. खांदा उसवून पुन्हा बसविणे हे कष्टाचे काम आहे. खांदा आणि पोट ह्यांचा मेळ जमत नसेल, तर सदरा शिवून घ्यावा हेच बरे. शिंपी पुढच्या भागास थोडी लांबी जास्त देतो, आणि तेवढ्याने कड सरळ बसते.

शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्यास शिंप्यांच्या बोलीत 'माया' म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. माया ठेवलेला कपडा उसवून पुन्हा अंगास बसविता येतो, आणि त्याचे आयुष्य काही वर्षांनी वाढते. तयार कपड्यांत ही माया बहुधा अगदी थोडी असते, कारण कारखान्यात कापडाचा बोटभर तुकडाही हिशेबात धरलेला असतो. म्हणून चाळिशीनंतर कपडे शिवताना, मुलांच्या वेळी जी सूचना देतात, तीच स्वतःसाठीही द्यावी. पाटलोणीच्या मागच्या मध्यशिवणीत आणि सदऱ्याच्या व पोलक्याच्या दोन्ही बगलांत माया ठेवावयास सांगावे.

तथापि माया ही काही अमर्याद नसते. भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर ह्यांच्या पलीकडे गेला, तर मधुमेह व हृदयविकार ह्यांचा संभव वाढतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. शिंप्याकडे दुसऱ्यांदा शिवण सोडवून घेण्यास जावे लागले, तर त्याच वाटेने दवाखान्यातही जाऊन रक्तातील साखर तपासून यावे. बदललेल्या अंगास जुन्या कपड्यात कोंबण्यात शहाणपण नाही, आणि सैल कपड्याखाली ते अंग विसरून जाण्यातही नाही. शिंप्याची फीत वर्षातून एकदा पोटाभोवती फिरवावी, आलेला आकडा कागदावर लिहून ठेवावा आणि मागील वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहावा. एवढ्या लहानशा गोष्टीने कपडेही अंगाबेताचे होतील, आणि अंगही बेतात राहण्यास साहाय्य होईल.