तळे फुकट नसते

२०१२-१३च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर जगले. टँकर गल्लीत शिरला की हंडे, ड्रम, बादल्या घेऊन सारे घर धावायचे. एरवी ज्या पाण्याचा हिशेब कुणी ठेवत नव्हते, त्याचा भाव त्या उन्हाळ्यात सगळ्यांना पाठ झाला.

बाजारातला भाव एक आणि वस्तूचे मोल दुसरे. पाण्यावाचून जगता येत नाही, तरी ते स्वस्त. हिऱ्यावाचून काही अडत नाही, तरी तो महाग. ॲडम स्मिथने १७७६ सालीच हे कोडे मांडले होते. तळे, झाडे, स्वच्छ हवा यांना भावाची चिठ्ठी नसते, म्हणून ती फुकट आहेत असे आपण धरून चालतो.

मग तळ्याचे मोल कसे काढायचे? एक सोपी रीत आहे: ते नसेल तर त्याच्या जागी काय खर्च येईल ते पाहा. समजा, पाच माणसांच्या घराला रोज २०० लिटर पाणी लागते आणि टँकरचे हजार लिटर २०० रुपयांना पडतात. महिन्याला १,२०० रुपये, उन्हाळ्याच्या चार महिन्यांत ४,८०० रुपये. अशी दहा हजार घरे धरली तर ४ कोटी ८० लाख! शिवाय घरातली बाई रोज दोन तास पाण्यासाठी थांबली, तर चार महिन्यांत २४० तास गेले, म्हणजे आठ तासांचे तीस दिवस. ही मजुरी कोणत्याही बिलात दिसत नाही.

जालन्याच्या जुन्या लोकांना हे मोल कळत होते. मलिक अंबरच्या काळात जमशेदखानाने येथे तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांतून शहरात पाणी खेळवले. निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाने पुढे कित्येक वर्षे शहराची तहान भागवली. त्यात गाळ साचला, तेव्हा नागरिकांनी पुढाकार घेऊन तो काढायला सुरुवात केली. एक घनमीटर गाळ निघाला की हजार लिटर पाण्याला जागा होते. काही पाणी उन्हाने उडून जाईल, हे खरे. पण ती जागा पुढच्या पावसातही कामी येते आणि गाळाने शेताचा कस वाढतो.

मोल काढणे म्हणजे विकायला काढणे नव्हे. पाणी, चारा आणि आग यांत सर्व माणसांचा वाटा आहे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. पण जे सर्वांचे, त्याची काळजी कुणाचीच नाही, असे व्हायला वेळ लागत नाही. तलावात कचरा टाकणाऱ्याचे दोन रुपये वाचतात. त्याची भरपाई मात्र सारे गाव करते.

यंदा टँकरचा हिशेब वहीत लिहून ठेवा. गाळ काढण्यासाठी वर्गणी मागायला कुणी दारात आले, तर ते पान उघडून पाहा आणि मग ठरवा, वर्गणी जास्त आहे की कमी.