पाव तोच, सॉसेज तेच. फरक वरच्या थराचा

हातगाडीवरील खाद्यपदार्थांच्या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात येत नाही. एकाच चौकात उभ्या असलेल्या चार गाड्यांचा कच्चा माल बहुधा एकाच घाऊक बाजारातून आलेला असतो. पाव एकाच बेकरीचा, तेल एकाच दुकानातले, गॅसचा दरही सर्वांना सारखाच. तरीही एका गाडीभोवती गिऱ्हाइकांचा घोळका असतो आणि शेजारचा विक्रेता माशा मारीत बसलेला असतो. या तफावतीचे मूळ शोधू गेल्यास ते पुष्कळदा मुख्य पदार्थात नव्हे, तर त्याच्यावर पडणाऱ्या चमचाभर चटणीत किंवा सॉसमध्ये सापडते.

अमेरिकेतील हॉट डॉगच्या गाड्यांचा दीर्घ इतिहास या सत्याचा उत्तम दाखला आहे. हॉट डॉग म्हणजे लांबट पावाला मधोमध चीर देऊन त्यात बसविलेले शिजलेले सॉसेज. सॉसेज ठरावीक कारखान्यांतून येते, पावही तसाच. विक्रेत्याच्या हाती उरतो तो केवळ वरचा थर. आणि याच थरावर कित्येकांनी आपला संसार उभा केला आहे.

पाच सेंटची स्पर्धा

न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर चार्ल्स फेल्टमन या जर्मन बेकरीवाल्याने १८६७ च्या सुमारास गाडीवरून पावात घातलेले गरम सॉसेज विकावयास आरंभ केला, असे सांगतात. पुढे त्याचे मोठे उपाहारगृह झाले. तेथेच काम केलेल्या नेथन हँडवर्कर या पोलंडहून आलेल्या तरुणाने १९१६ मध्ये साठविलेल्या सुमारे ३०० डॉलर्सच्या बळावर स्वतःचे लहानसे दुकान थाटले. फेल्टमनकडे हॉट डॉगला १० सेंट पडत. हँडवर्करने तो ५ सेंटला दिला आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे वळले.

परंतु किंमत उतरविण्यालाही मर्यादा असते. एकदा सर्वांचाच भाव ५ सेंट झाला की पुढची स्पर्धा कशावर करावयाची? याचे उत्तर शिकागो शहराने दिले.

मंदीच्या काळातील पोटभर जेवण

१९२९ साली सुरू झालेल्या जागतिक मंदीत अमेरिकेतील लाखो लोक बेकार झाले. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीट बाजारात भाजीपाल्याच्या गाड्यांची रेलचेल असे. तेथील हॉट डॉग विक्रेत्यांनी ५ सेंटच्या सॉसेजवर स्वस्त भाज्यांचा थर चढविला. खसखस लावलेला पाव, पिवळी मोहरी, हिरव्यागार रंगाचे गोडसर काकडीचे लोणचे, चिरलेला कांदा, टोमॅटोच्या फोडी, शेपूच्या वासाची खारविलेली काकडी, व्हिनेगरमध्ये मुरविलेल्या छोट्या मिरच्या आणि शेवटी सेलरीच्या मिठाची चिमूट, असा हा थाट. मांस तेवढेच राहिले, पण हातात पडणारा घास दुप्पट झाला. कामाच्या शोधात वणवण करणाऱ्या माणसाला तेवढ्याच पैशांत जेवण मिळू लागले. ‘बागेतून फरफटत आणलेला’ हॉट डॉग असे त्याचे गमतीदार वर्णन आजही केले जाते. त्यावर टोमॅटो केचप घालणे अस्सल शिकागोकर निषिद्ध मानतात, हेही या थराचे एक वैशिष्ट्य.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वरचा थर वाढविताना विक्रेत्यांनी महाग जिन्नस घेतले नाहीत. बाजारात त्या दिवशी जे मुबलक व स्वस्त होते तेच घेतले. व्यवसायशास्त्रात ज्याला मूल्यवर्धन म्हणतात, त्याचा हा सरळसाधा नमुना होय.

शहरागणिक निराळी चव

पुढे प्रत्येक शहराने आपापला थर घडविला. डेट्रॉइटमध्ये ग्रीसहून आलेल्या विक्रेत्यांनी घोटीव खिम्याचा मसालेदार रस्सा, मोहरी व कच्चा कांदा यांची सांगड घातली. तेथील अमेरिकन कोनी आयलंड हे उपाहारगृह १९१७ पासूनचे आहे. न्यूयॉर्कच्या गाड्यांवरील टोमॅटोत शिजविलेला तांबूस, गोडसर-तिखट कांदा १९६० च्या दशकात ॲलन गाइस्लर या अन्नतंत्रज्ञाने तयार केला. सिॲटलमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस मऊ क्रीम चीज आणि तव्यावर परतलेला कांदा ही जोडी रुळली.

ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहराचे उदाहरण अधिक बोलके आहे. शेजारच्या मेक्सिकोतील सोनोरा प्रांतात हॉट डॉगला बेकनची पट्टी गुंडाळून त्यावर शिजविलेला घेवडा, कांदा, टोमॅटो, मेयोनेज व हिरव्या मिरचीचा सॉस घालतात. डॅनियल कॉन्ट्रेरास यांनी १९९३ मध्ये टूसॉनला एक छोटी टपरी टाकून आपल्या मुलखाची ही चव विकावयास सुरुवात केली. ‘एल ग्वेरो कानेलो’ या नावाने वाढलेल्या त्या व्यवसायाला २०१८ मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा मानाचा पुरस्कार लाभला. घरची चव हेच त्यांचे खरे भांडवल ठरले.

मसाल्याची करामत जर्मनीतही दिसते. दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या बर्लिनमध्ये हेर्टा हॉयवर या स्त्रीने ४ सप्टेंबर १९४९ रोजी आपल्या टपरीवर टोमॅटोच्या सॉसमध्ये करी पावडर मिसळून ते मिश्रण तळलेल्या सॉसेजवर ओतले. ‘करीवुर्स्ट’चा जन्म तो हाच, असे मानले जाते. पुढे तिने त्या सॉसचे ‘चिलप’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले. गाडीवरचा सॉस हीदेखील मालमत्ता असू शकते, हे तिने वेळीच ओळखले होते.

भारतीय गाडीवर काय शोभेल?

हॉट डॉग भारतातही नवखा राहिलेला नाही. इंदूरच्या ‘छप्पन दुकान’ भागात १९७८ पासून चालणाऱ्या ‘जॉनी हॉट डॉग’मध्ये पावात सॉसेजऐवजी बटाट्याची टिक्की किंवा ऑम्लेट असते, नाव परदेशी, पण चव पूर्णतः स्थानिक. गोव्यातील चोरिस-पाव हा तर पावातील सॉसेजचा आपल्याकडील जुना अवतारच म्हणावा लागेल.

हॉट डॉगवरील पिवळ्या मोहरीच्या सॉसचा रंगदेखील हळदीचा असतो. हा सॉस १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात ‘फ्रेंचेस’ या कंपनीने लोकांपुढे आणला. मराठी घरांतील लोणच्याची फेसलेली मोहरी आणि बंगालची कासुंदी ही त्याचीच भावंडे. तेव्हा परदेशी बाटल्यांवर विसंबण्याऐवजी आपल्याच फडताळात डोकावणे श्रेयस्कर. चिंच-गुळाची घट्ट चटणी, बारीक कांदा व शेव. पुदिना-कोथिंबिरीची चटणी घोटलेला चक्का आणि काकडी. सुकी लसणाची चटणी व अंड्याविना केलेले मेयोनेज. फेसलेली मोहरी आणि किसलेली कैरी, अशा जोड्या सॉसेजवर, पनीरवर वा बटाट्याच्या लांबट कटलेटवर सारख्याच खुलतात.

जोडी जमविताना एक साधे सूत्र पाळावे. सॉसेज खारट व स्निग्ध असते. म्हणून वरच्या थरात आंबट, तिखट, किंचित गोड आणि कुरकुरीत यांपैकी निदान तीन गुण असावेत. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथे १९३७ पासून चालणाऱ्या प्रसिद्ध टपरीवर कच्चा आणि तळलेला असा दोन्ही प्रकारचा कांदा घालतात, तो यासाठीच. क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम पातळ सॉस, मग कांदा-लोणच्यासारखे चिरलेले जिन्नस, त्यानंतर चीज व शेवटी कोरडा मसाला. सॉस पावावर न घालता सॉसेजवर घालावा. अन्यथा पाव भिजून हातात तुटतो.

चमच्याचा हिशेब

वरचा थर गिऱ्हाईक आणतो, तसाच तो नफा खाऊही शकतो. उदाहरणादाखल, दिवसाला १५० नग विकणारी गाडी घेऊ. प्रत्येक नगावर ठरल्यापेक्षा केवळ १० ग्रॅम सॉस अधिक पडला, तर दिवसाकाठी दीड किलो आणि महिन्याच्या २६ दिवसांत ३९ किलो सॉस फुकट जातो. किलोचा खर्च १२० रुपये धरल्यास ही रक्कम ४,६८० रुपये होते. याउलट १५,००० रुपयांच्या कर्जाची बारा महिन्यांत परतफेड करावयाची झाल्यास मुद्दलाचा मासिक हप्ता १,२५० रुपयेच पडतो. म्हणजे सैल हाताने घातलेला सॉस तीन हप्त्यांहून अधिक पैसा गिळतो. ठरावीक मापाचा चमचा व तोटीची बाटली ही म्हणूनच गाडीवरील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लाभदायक गुंतवणूक होय. सॉसचे प्रकारही तीन-चारच असावेत. दहा बरण्या मांडल्या की निम्मा माल खराब होऊन टाकावा लागतो.

स्वच्छतेबाबत तडजोड नसावी. गरम रस्सा ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि दही, चीज, मेयोनेज यांसारखे पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावेत. या दोहोंमधील तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजमधून होणाऱ्या विषबाधेच्या धोक्यामुळे केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये त्यावर बंदीचे आदेश काढले. उघड्यावरील एका बरणीमुळे वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास एका संध्याकाळी नाहीसा होऊ शकतो.

जागा, भांडवल आणि पत

गाडीचा व्यवसाय स्वस्त असतो, हा समज अर्धवट खरा आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील प्राणिसंग्रहालयाजवळच्या एका गाडीच्या जागेसाठी २०१३ मध्ये विक्रेता वर्षाला २,८९,५०० डॉलर्स मोजत असल्याचे प्रसिद्ध झाले होते. जागेचे मोल एवढे असते, तेथे प्रत्येक नगावरील थोडासा अधिक नफाही निर्णायक ठरतो.

भारतात पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिले. खेळत्या भांडवलासाठी १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून विनातारण कर्ज मिळते. ऑगस्ट २०२५ मधील फेररचनेनुसार पहिला टप्पा १५,००० रुपयांपर्यंत, दुसरा २५,००० रुपयांपर्यंत आणि तिसरा ५०,००० रुपयांपर्यंत आहे. कर्जवाटपाची मुदतही ३१ मार्च २०३० पर्यंत वाढविण्यात आली. वेळेवर परतफेड करणाऱ्यास व्याजात ७ टक्के अनुदान मिळते आणि पुढच्या टप्प्याचे दार उघडते. दुसरे कर्ज फेडणाऱ्यांसाठी यूपीआयशी जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाची तरतूद आहे.

विक्रेत्याच्या अर्जावर नाव, जागा आणि रक्कम दिसते. त्याच्या चटणीची चव दिसत नाही. परंतु त्याच्या खात्यात दररोज जमा होणाऱ्या लहान लहान रकमांमागे तीच असते. रोज त्याच चवीची, त्याच मापाची आणि तितकीच स्वच्छ चटणी देणारा विक्रेता हप्ताही तितक्याच नेमाने भरू शकतो. गाडीवरची चव आणि बँकेतील पत या दोन्ही गोष्टी सातत्यानेच मिळवाव्या लागतात.